रॉकेट मंजूर झालं म्हणून फाइव्ह ॲक्सिस घेऊ का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, फाइव्ह ॲक्सिस म्हणजे त्यातलंच पाच अक्षांवर फिरून कापणारं):

"ताई नमस्कार, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक थ्री ॲक्सिस व्हीएमसी, सात माणसं. चार वर्षांपासून एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करतो, त्यांचे पार्ट पुढे इस्रोला जातात. आमच्याकडे ब्रॅकेट, फ्लँज, अडॅप्टर असलं काम येतं, नेमकं कुठे बसतं ते माहीत नाही. त्यांचा परचेसवाला म्हणाला की सरकारने नवीन मोठं रॉकेट मंजूर केलंय, 8240 कोटींचं, आत्ताच फाइव्ह ॲक्सिस घेऊन ठेवा, काम कमी पडणार नाही. मशीन दीड कोटीच्या घरात जातंय. एक लेथ विकून मार्जिन मनी उभं करीन, बाकी सात वर्षांचं लोन, पण बँक घर तारण मागतेय. बायको नको म्हणते. भाचा इंजिनियर आहे, तो म्हणतो मामा आत्ता नाही घेतलं तर कायमचे मागे राहाल, इस्रो स्लो आहे पण आता सगळं फास्ट होणार. कोटेशनची मुदत पंधरा दिवस आहे. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही याच लाइनला घालायचा विचार आहे. काय करू? – मशीनवाला"

दादा, नमस्कार. पहिलं उत्तर देऊन टाकते म्हणजे तुम्ही बाकीचं शांतपणे वाचाल. घर तारण ठेवून, लेथ विकून, एका परचेसवाल्याच्या तोंडी शब्दावर हे मशीन घेऊ नका. मशीन वाईट नाहीये, रॉकेटही खोटं नाहीये, पण या दोघांचं वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे.

मी एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलीत, त्यातली बरीचशी असल्याच कामात, त्यामुळे परचेसवाला जे बोलला ते मी वेगवेगळ्या तोंडून किमान दहा वेळा तरी ऐकलंय. तो खोटं बोलत नसतो हो, त्याच्या साहेबाने त्याला सांगितलेलं असतं की व्हेंडर तयार ठेवा, तो तुम्हाला तयार ठेवतो, फक्त तयार राहण्याचा खर्च त्याच्या खिशातून जात नाही.

आता मंजूर झालं म्हणजे काय झालं ते बघू. ते रॉकेट म्हणजे एनजीएलव्ही, नेक्स्ट जनरेशन लाँच व्हेइकल. केंद्रीय मंत्रिमंडळाने 18 सप्टेंबर 2024 ला मंजुरी दिली, 8240 कोटी, आणि मुदत 96 महिने म्हणजे आठ वर्षं. या पैशात डिझाइन, टेस्टिंग, सुविधा आणि तीन डेव्हलपमेंट उड्डाणं, एवढं सगळं आलं. म्हणजे सगळं अगदी घड्याळाप्रमाणे झालं तर 2032 उजाडणार, आणि तेव्हा कुठे तीन रॉकेटं उडालेली असतील. तुमचं लोन सात वर्षांचं. म्हणजे तुमचा शेवटचा हप्ता आणि त्या रॉकेटचं रेग्युलर प्रॉडक्शन यांची गाठ पडली तरी नशीब समजा, मधली सगळी वर्षं तुम्ही डेव्हलपमेंटच्या कामावर हप्ते फेडणार, आणि डेव्हलपमेंटचं काम काय असतं हे तुम्ही चार वर्षांत बघितलंच असेल, आज दोन नग, तीन महिन्यांनी ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, मग एक नग, मग सहा महिने शांतता.

आणि घड्याळाप्रमाणे होतं का? मी टोमणा मारत नाहीये, मला या लोकांबद्दल फार आदर आहे, पण जुना हिशोब तरी काढू. आज जे आपलं सगळ्यात मोठं रॉकेट आहे, एलव्हीएम3, चांद्रयान 3 घेऊन गेलं ते, त्याला मंजुरी मिळाली 2002 मध्ये आणि उपग्रह घेऊन पहिल्यांदा कक्षेत गेलं 5 जून 2017 ला. पंधरा वर्षं. सेमी क्रायोजेनिक इंजिन, केरोसीनवालं, मंजूर झालं 2008 मध्ये, आणि त्याच्या पॉवर हेडची, म्हणजे ज्वलनकक्ष सोडून बाकी इंजिनाची, पहिली यशस्वी हॉट टेस्ट तमिळनाडूत महेंद्रगिरीला झाली 28 मार्च 2025 ला, तीही अडीच सेकंदांची. हे इंजिन आलं की एलव्हीएम3 चार टनांऐवजी पाच टनांच्या आसपास वजन वरच्या ट्रान्स्फर कक्षेत नेणार, म्हणजे काम मोलाचंच आहे, पण 2008 साली कोणी त्याच्या भरवशावर मशीन घेतलं असतं तर ते मशीन आता भंगारात गेलं असतं.

उशीर का होतो हे तुमच्या भाच्याला सांगा, कारण त्याला वाटतंय लोक झोपा काढतात. 15 एप्रिल 2010 ला आपल्या बनावटीचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावरचं, इंजिन पहिल्यांदा उडालं, जीएसएलव्ही डी3 या रॉकेटवर. त्यातला फ्युएल बूस्टर टर्बोपंप, म्हणजे द्रव हायड्रोजन पुढे ढकलणारा पंप, नीट सुरू झाला, 34,800 आरपीएमपर्यंत गेला, मग स्पीड पडायला लागला आणि सेकंद दीड सेकंदात पंप बंद. रॉकेट समुद्रात. चौकशी समितीने दोन शक्यता सांगितल्या, एक तर सीलच्या जागी रोटर धरला आणि जॅम झाला, नाहीतर टर्बाइनचं केसिंग फुटलं. दादा, सीलच्या जागी रोटर धरला हे वाचून तुमच्या माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो की नाही? आपण रूम टेंपरेचरला क्लिअरन्स तपासतो आणि पास करतो, तिथे हायड्रोजन उणे 253 डिग्रीला असतो, एक भाग आकसतो, दुसरा तेवढा आकसत नाही, आणि कागदावर असलेला गॅप जागेवर राहत नाही. ते इंजिन नीट उडायला 5 जानेवारी 2014 उजाडलं, मधे 2013 च्या ऑगस्टमध्ये गळतीमुळे एकदा ऐनवेळी उड्डाण थांबवलं ते वेगळंच. रशियाने 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली तंत्रज्ञान द्यायला नकार दिल्यापासून मोजलं तर वीस वर्षं झाली. हा असला उशीर मीटिंगा घेऊन कमी होत नाही.

भाचा बहुतेक स्पेसएक्सचं उदाहरण देणार, सगळे भाचे देतात. द्या म्हणावं. फाल्कन 9 पहिल्यांदा उडालं जून 2010 मध्ये, त्याचा बूस्टर जमिनीवर नीट उतरला डिसेंबर 2015 मध्ये, आणि वापरलेला बूस्टर परत उडाला मार्च 2017 मध्ये. म्हणजे उडतं रॉकेट हातात असताना, तेही इतक्या वेळा उडवत असताना, पुनर्वापराला जवळजवळ सात वर्षं लागली. एनजीएलव्हीचा पहिला टप्पाही परत आणायचाच प्लॅन आहे. आपल्याकडे चित्रदुर्गजवळ चल्लकेरेला हेलिकॉप्टरमधून सोडून जे पंखवालं यान धावपट्टीवर उतरवलं, तीन वेळा, शेवटचं 23 जून 2024 ला, तो वेगळा प्रकार आहे, बूस्टर उभा उतरवणं अजून व्हायचंय.

आता या पुनर्वापराकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचंय, कारण परचेसवाला आणि भाचा दोघंही यावर बोललेले दिसत नाहीत. पहिला टप्पा परत येणार म्हणजे काय? म्हणजे तो दर वेळी नवीन बनवावा लागणार नाही. फाल्कन 9 चे काही बूस्टर तीसपेक्षा जास्त वेळा उडालेत. एनजीएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात मिथेनवर चालणारी नऊ इंजिनं बसवायचा प्लॅन आहे, ऐकायला मस्त वाटतं, नऊ इंजिनं म्हणजे नऊपट पार्ट, पण तीच नऊ इंजिनं दहा वेळा उडाली तर तुमचा फ्लँज दहाऐवजी एकदाच लागणार. वरचे टप्पे मात्र परत येत नाहीत, ते दर उड्डाणाला नवे. म्हणून तुमच्या कस्टमरला एकच प्रश्न विचारा, माझा पार्ट कुठल्या टप्प्यात बसतो? ड्रॉइंग दाखवू नका, गुपित सांगू नका, फक्त खालचा की वरचा एवढं सांगा, असं म्हणा त्यांना. चार वर्षं काम करताय आणि एवढंही माहीत नाही हे मला जरा खटकलं, रागावू नका. पार्ट वरच्या टप्प्याचा असेल तर उड्डाणं वाढली की तुमचं काम वाढणार. खालच्या टप्प्याचा असेल तर रॉकेट जितकं यशस्वी होईल तितकी तुमची ऑर्डर कमी, असा उलटा कारभार आहे.

(मिथेन का, असं कोणी विचारलं तर, केरोसीन जळताना काजळी धरतं, तुमच्या आजीच्या स्टोव्हसारखंच, आणि तेच इंजिन परत वापरायचं तर ती साफ करत बसावं लागतं. मिथेन स्वच्छ जळतो. शिवाय तो उणे 161 डिग्रीच्या आसपास द्रव होतो आणि ऑक्सिजन उणे 183 ला, दोघं जवळजवळ एकाच थंडीतले, हायड्रोजनइतके नखरे नाहीत.)

संख्येचं पण बघा. एलव्हीएम3 डिसेंबर 2014 पासून नोव्हेंबर 2025 पर्यंत उडालं आठ वेळा. अकरा वर्षांत आठ. एकेकाच्या मधल्या टप्प्यात विकास नावाची दोन इंजिनं, म्हणजे या रॉकेटची मिळून सोळा. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या इस्रोच्या दुसऱ्या रॉकेटांची धरली तर आकडा वाढतो, पण तरी हे ऑटोमोबाइल नव्हे हो, तुम्हाला पिंपरी चिंचवडच्या हिशोबाची सवय आहे, महिन्याला पाच हजार नग, इथे वर्षाला पाच नग आणि प्रत्येकाबरोबर पन्नास पानांची फाइल. दीड कोटीचं मशीन रोज दोन शिफ्ट चालल्याशिवाय हप्ता निघत नाही, आणि रॉकेट एकटं ते मशीन दोन शिफ्ट चालवू शकत नाही. विक्रोळीच्या गोदरेजने इतकी वर्षं विकास इंजिनं बनवली, वालचंदनगरने मोठाल्या मोटरची केसिंग बनवली, पण त्या कंपन्या काही फक्त रॉकेटवर जगत नाहीत, बाकीचे धंदे आहेत म्हणून रॉकेटचं काम त्यांना परवडतं.

अजून एक गोष्ट, ही थोडी टोचेल. 9 मे 2024 ला इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन थ्रीडी प्रिंट करून 665 सेकंद चालवून बघितलं. आधी त्यात 14 पार्ट होते, ते एकच झाले. वेल्डचे 19 जॉइंट गेले. आधी 565 किलो फोर्जिंग आणि शीट लागायचं, आता 13.7 किलो पावडर. बनवायचा वेळ 60 टक्क्यांनी कमी. दादा, त्या 565 किलोतून जी चिप, म्हणजे धातूचा कीस, निघत होती ना, त्यावर कोणाचं तरी वर्कशॉप चालत होतं. चेन्नईच्या अग्निकुलने तर अख्खं इंजिन एका तुकड्यात प्रिंट करून 30 मे 2024 ला उडवून दाखवलं. म्हणून मशीनिंग संपणार असं मी म्हणत नाही, प्रिंट झालेल्या पार्टला पण सीलिंगचे फेस, थ्रेड, बोअर मशीन करावेच लागतात, उलट ते जास्त नाजूक काम असतं कारण एवढा महागडा प्रिंट तुमच्याकडे येतो आणि एका चुकीत गेला की गेला. पण ठोकळ्यातून कोरून काढायचं काम या धंद्यात कमी होत जाणार आणि तुम्ही नेमकं त्याच्यासाठी घर गहाण टाकताय.

लेथ विकायचं म्हणताय ते तर अजिबात नको. युरोपने हेच केलं होतं. त्यांनी एरियन 6 बनवायचं ठरवलं डिसेंबर 2014 मध्ये, 2020 ला उडणार होतं. जुनं एरियन 5 चांगलं चालू होतं, ते बंद करायची तयारी लावली, शेवटचं उडालं 5 जुलै 2023 ला, आणि नवीन उडालं 9 जुलै 2024 ला. मधलं वर्षभर युरोपकडे स्वतःचं मोठं रॉकेटच नव्हतं, रशियाचं सोयुझ तर युद्धामुळे आधीच गेलेलं, त्यामुळे त्यांची युक्लिड दुर्बीण एरियन 5 च्या शेवटच्या उड्डाणाच्याही आधी, 1 जुलै 2023 ला, अमेरिकेच्या फाल्कन 9 वरून न्यावी लागली होती. एवढ्या मोठ्या लोकांची ही गत. आपल्याकडे एलव्हीएम3 चालू ठेवून त्यातच सेमी क्रायो बसवायचं आणि एनजीएलव्ही बाजूने वाढवायचं असं चाललंय, मला ते शहाणपणाचं वाटतं, कितीही हळू असलं तरी. तुमचा तो लेथ आज पगार देतोय. त्याला राहू द्या.

माझं स्वतःचं एक सांगते. मी एका ठिकाणी होते, नाव नको, तिथे एका ग्राहकाच्या शब्दावर आमच्या साहेबांनी एका मोठ्या रिंगसाठी खास फिक्श्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवायची चौकट, बनवलं, बरेच लाख घातले, लेखी ऑर्डर फक्त पहिल्या दोन नगांची. दोन नग झाले, पास झाले, फोटोबिटो काढले, पेढे वाटले. मग तिकडे डिझाइन बदललं, रिंगचा व्यास बदलला, कोणाची चूक म्हणायची? कोणाचीच नाही, डेव्हलपमेंटमध्ये हे होणारच. पण फिक्श्चरचे पैसे ऑर्डरमध्ये वेगळे लिहिलेले नव्हते. मी नोकरी सोडली तेव्हा ते फिक्श्चर स्टोअरच्या मागे होतं आणि पोरं त्यावर डबा खायला बसायची.

तर आता करायचं काय. तुमच्याकडे थ्री ॲक्सिस आहे, त्याला चांगलं रोटरी टेबल लावून फोर्थ ॲक्सिस करा, दीड कोटीच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे आणि ब्रॅकेट फ्लँजचं बरंचसं काम त्यात निघतं. जिथे खरंच फाइव्ह ॲक्सिस लागेल तिथे दुसऱ्याच्या मशीनवर तास विकत घ्या. भोसरी चाकण पट्ट्यात विचारा, हप्ता भरायचाय आणि रात्रपाळी रिकामी अशी मशीनं सापडतात, ते लोक तुमच्याआधी याच सल्ल्याला भुललेले असतात. पण आधी कस्टमरची लेखी परवानगी घ्या, या कामात न सांगता बाहेर जॉब पाठवला आणि कळलं तर व्हेंडर कोडच जातो. सहा महिने असं करून वहीत लिहा की फाइव्ह ॲक्सिसचे महिन्याला नेमके किती तास लागले. त्या वहीतला आकडा परचेसवाल्यापेक्षा खरा.

पैसे घालायचेच असतील तर कागदात घाला. एएस9100, म्हणजे विमान आणि अंतराळाच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट, घेतलंय का ते पत्रात लिहिलं नाहीत, नसेल तर ते पहिलं. हीट नंबरपासून (धातू ओतला त्या खेपेचा नंबर) फायनल रिपोर्टपर्यंत प्रत्येक तुकड्याचा माग लागला पाहिजे, मी जितके जॉब रिजेक्ट केलेत त्यातले निम्मे मापात बरोबर होते हो, कागदात नव्हते. कुठल्या बारमधून कापलं, उरलेला तुकडा कुठे गेला, कोणी सांगू शकत नव्हतं. मोठं मशीन सगळेच घेतात, पण ज्याची फाइल उघडली की इन्स्पेक्टर पाच मिनिटांत सही करतो असा छोटा व्हेंडर फार कमी मिळतो आणि त्याला कोणी सोडत नाही.

मशीन कधी घ्यायचं तेही सांगते, नाहीतर म्हणाल ताई नुसतीच नाही नाही करते. कस्टमरने लेखी द्यावं, वर्षाला कमीत कमी एवढे नग, एवढी वर्षं, आणि टूलिंगचे पैसे वेगळे. आणि मशीनचा निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्या कामाने भरलेला असावा, मेडिकल, डिफेन्स, डाय मोल्ड, जे मिळेल ते, म्हणजे रॉकेट वर्षभर गप्प बसलं तरी तुम्ही गप्प बसणार नाही. लोनसाठी बँकेत जाऊन सीजीटीएमएसईबद्दल विचारा, छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्जाची हमी असते त्यात, 2025 पासून मर्यादा 10 कोटींपर्यंत नेलीय. बँकवाले स्वतःहून सांगत नाहीत कारण घर त्यांना जास्त आवडतं. ते नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागा आणि दुसऱ्या बँकेत जा.

आणि बातम्यांमध्ये भाषणं बघू नका, दुसऱ्याच गोष्टी बघा. श्रीहरिकोटाला तिसरा लाँच पॅड मंजूर झालाय जानेवारी 2025 मध्ये, 3984.86 कोटी, 48 महिने, तो मुख्यतः एनजीएलव्हीसाठी आहे. तिथलं काँक्रीट किती वर आलं त्यावर लक्ष ठेवा. मिथेनच्या इंजिनाची पूर्ण वेळेची टेस्ट महेंद्रगिरीला झाली की ती एक खूण. आणि तुमच्या कस्टमरकडे टेस्ट हार्डवेअरऐवजी फ्लाइट हार्डवेअरची चौकशी आली की समजा आता खरंच हललं. त्या दिवशी मला परत पत्र लिहा, मी स्वतः म्हणेन घ्या.

मधल्या काळात काम हवं असेल तर जे आज उडतंय त्याच्या मागे लागा. पीएसएलव्हीची पाच रॉकेटं बनवायचं काम एचएएल आणि एलअँडटीला दिलंय, छोट्या एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान घ्यायचा करार 2025 मध्ये एचएएलने केलाय. आता हे लोक स्वतः व्हेंडर शोधणार, आधी इस्रो शोधायची. एकाच कस्टमरवर चार वर्षं आहात ना, हे मला मशीनपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पीएसएलव्ही पण मे 2025 मध्ये तिसऱ्या टप्प्यात फसलं होतं, आणि एक उड्डाण फसलं की चौकशी संपेपर्यंत खालपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी लांबतात, तेव्हा दुसरा कस्टमर असलेला माणूस झोपू शकतो.

भाच्यावर चिडू नका, त्याला तुमचं भलंच हवंय. त्याला उलट कामाला लावा, शनिवारी बोलवा आणि तुमच्या गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या जॉबचे तास एक्सेलमध्ये भरायला सांगा. मुलाचं म्हणाल तर डिप्लोमा पूर्ण करू दे, सुट्टीत मशीनवर उभं करण्याआधी सीएमएमवर, म्हणजे मापं तपासायच्या मशीनवर, बसवा आणि ड्रॉइंगवरची जिओमेट्रिक टॉलरन्सची चिन्हं वाचायला शिकवा, कॉलेजात ते दोन तासांत उरकतात.

राहिलं कोटेशन. पंधरा दिवसांची मुदत मशीनवाल्यांची कायमच असते, सोळाव्या दिवशी फोन येतो आणि बहुतेक वेळा दोन लाख कमीच होतात. फोन वहिनींना उचलू द्या.